आंद्रेस एस्कोबार : मैदानावरचा सज्जन



फुटबॉलच्या मैदानावर सर्वांत कमी कौतुक बचावपटूच्या वाट्याला येते. गोल करणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचवतात. गोल अडवणाऱ्या गोलरक्षकाचे फोटो छापून येतात. पण गोलाची वेळच येऊ नये म्हणून नव्वद मिनिटे राबणाऱ्या बचावपटूची आठवण होते ती तो चुकला की. आपल्या घरातल्या आईचेही असेच असते. रोज वेळेवर ताट समोर येते तोवर कोणी काही बोलत नाही. एक दिवस भाजीत मीठ जास्त पडले की सगळ्यांना कंठ फुटतो.

आज ज्याची ओळख करून द्यायची आहे तो असाच एक बचावपटू होता. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाचा आंद्रेस एस्कोबार. १९९४ साली अमेरिकेत विश्वचषक झाला तेव्हा मी शाळेत होतो. आपल्यापैकी अनेकांनी ते सामने रात्री जागून दूरदर्शनवर पाहिले असतील. स्वतःच्याच संघावर गोल झाला म्हणून एका खेळाडूला गोळ्या घालून मारले, एवढेच तेव्हा कानांवर आले होते. पुढे त्याच्याविषयी वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की त्याचे मरण साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण तो जगला कसा हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

मेडेलिनचा मुलगा

आंद्रेस एस्कोबार साल्दारियागा याचा जन्म १३ मार्च १९६७ रोजी मेडेलिन शहरात झाला. आंदीज पर्वताच्या रांगांमधल्या एका खोऱ्यात हे शहर वसले आहे. कापडगिरण्या आणि फुले यांसाठी ते एके काळी प्रसिद्ध होते. ख्रिस्तसभेच्या इतिहासातही मेडेलिनचे नाव आदराने घेतले जाते. १९६८ साली लॅटिन अमेरिकेतील बिशपांची परिषद येथेच भरली होती आणि ख्रिस्तसभेने गोरगरिबांच्या बाजूने उभे राहावे, असा आग्रह त्या परिषदेने धरला होता. आंद्रेस त्या वेळी जेमतेम दीड वर्षाचा होता.

त्याचे घर मध्यमवर्गीय आणि श्रद्धावान. वडील दारिओ बँकेत नोकरीला होते. रस्त्यावर उनाडणाऱ्या मुलांना वाईट संगत लागू नये, त्यांच्या पायांत फुटबॉल असावा, म्हणून त्यांनी मुलांसाठी एक संस्था काढली होती. आंद्रेस आणि त्याचा भाऊ सांतियागो या वातावरणात वाढले. दोघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. आंद्रेसचे शिक्षण काही काळ कलासान्झ शाळेत झाले. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या संत जोसेफ कलासान्झ यांचे नाव या शाळेला आहे. खेळ हा माणूस घडवण्याचा मार्ग आहे, हा संस्कार त्याला घरातूनच मिळाला होता.

स्वच्छ खेळ

मेडेलिनच्या अटलेटिको नासिओनाल या क्लबमध्ये आंद्रेस मोठा झाला. त्या काळी तेथे फ्रान्सिस्को मातुराना हे प्रशिक्षक होते. व्यवसायाने ते दंतवैद्य. परदेशी खेळाडू विकत आणण्यापेक्षा आपल्याच मातीतली मुले घेऊन संघ बांधायचा, हे नासिओनालचे त्या काळचे धोरण होते. प्रतिस्पर्ध्याच्या मागे सावलीसारखे धावण्यापेक्षा प्रत्येक बचावपटूने आपापला टापू सांभाळावा आणि चेंडू हिसकावला की तो आंधळेपणाने न भिरकावता सहकाऱ्याकडे नीट सोपवावा, ही मातुरानांची पद्धत. अशा खेळाला शांत डोक्याचा माणूस लागतो. आंद्रेस तसा होता. उंच, डाव्या पायाचा, अंगावर २ क्रमांकाचा सदरा. समोरच्याला पाडण्यापेक्षा चेंडूची वाट आधीच ओळखून ती अडवण्यावर त्याचा भर असे. लोक त्याला मैदानावरचा सज्जन म्हणू लागले. बचावपटूला असे नाव मिळणे सोपे नाही, कारण धसमुसळेपणा हा बचावपटूचा हक्कच आहे असे पुष्कळांना वाटते.

मे १९८८ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर कोलंबियाचा इंग्लंडशी सामना झाला. इंग्लंड एका गोलाने पुढे होते. कोलंबियाला कॉर्नर मिळाला तेव्हा २१ वर्षांचा आंद्रेस पुढे गेला आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घालून त्याने बरोबरी साधली. देशाकडून खेळताना त्याने केलेला हा एकमेव गोल. स्वतःच्या संघाला बरोबरी मिळवून देणारा हा गोल आज फार थोड्यांना आठवतो.

पुढच्याच वर्षी, ३१ मे १९८९ रोजी, नासिओनालने कोपा लिबेर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकेतील क्लबांचा सर्वांत मोठा चषक जिंकला. कोलंबियाच्या कोणत्याही क्लबला तोवर हे जमले नव्हते. पराग्वेच्या ऑलिंपिया संघाने पहिला सामना २-० असा जिंकला होता. बोगोटा येथील दुसरा सामना नासिओनालने तितक्याच फरकाने जिंकला आणि निकाल पेनल्टींवर गेला. नासिओनालची पहिली पेनल्टी आंद्रेसने मारली आणि ती अचूक बसली. गोलरक्षक रेने हिगिताने एकामागून एक पेनल्टी अडवल्या आणि अखेर नासिओनाल ५-४ असे जिंकले. त्याच डिसेंबरात टोकियोला इटलीच्या बलाढ्य मिलान संघाशी त्यांची गाठ पडली. जादा वेळेच्या अगदी शेवटी झालेल्या एका गोलाने ते हरले, पण साऱ्या जगाने या मुलांची दखल घेतली. नंतर काही महिने आंद्रेस स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या यंग बॉईज या क्लबकडून खेळला. तेथे तो रमला नाही आणि आपल्या शहरात परत आला. १९९१ मध्ये नासिओनालने देशाचे विजेतेपद मिळवले, तेव्हा तो संघाचा आधारस्तंभ होता.

चिखलातली वाट

हे सारे वाचताना एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. कोलंबियाचा फुटबॉल त्या काळी ज्या पैशावर फुलला, त्यातला बराच पैसा कोकेनचा होता. मेडेलिन हे अमली पदार्थांच्या व्यापाराचे केंद्र झाले होते आणि त्या व्यापाराचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार याच शहरात राहत होता. आडनाव एकच असले तरी आंद्रेसचे आणि त्याचे काहीही नाते नव्हते. पाब्लोने गरीब वस्त्यांत मैदाने बांधून दिली, दिवे लावून दिले आणि त्याच वेळी न्यायाधीश, पोलीस, पत्रकार यांचे खून पाडले. १९९१ या एका वर्षात मेडेलिनमध्ये सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली. बहुतेक तरुण मुले होती.

फुटबॉलही यातून सुटला नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये आल्वारो ओर्तेगा या पंचाचा मेडेलिनमध्ये खून झाला आणि त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा अर्धवट सोडून द्यावी लागली. हिगिता १९९३ साली एका अपहरणाच्या प्रकरणात मध्यस्थी केल्याबद्दल तुरुंगात गेला आणि पुढच्या विश्वचषकाला मुकला. पाब्लोने स्वतःसाठी बांधून घेतलेल्या तुरुंगात राष्ट्रीय संघातील खेळाडूंना खेळायला बोलावणे येई, आणि ते नाकारण्याची कोणाची छाती नव्हती. आंद्रेसला तेथे जाणे मनापासून नको होते, असे त्याच्या बहिणीने पुढे एका माहितीपटात सांगितले आहे.

आपण त्याला संत ठरवण्याची घाई करू नये. ज्या क्लबकडून तो खेळला त्याच्या तिजोरीत कोणाचा पैसा येतो, हे त्यालाही माहीत असणार. चिखलातून चालताना पायाला चिखल लागणारच. पण त्या चिखलात राहूनही त्याचे वागणे, बोलणे, खेळणे स्वच्छ राहिले, असे त्याच्याबरोबर खेळलेल्यांनी एकमुखाने सांगितले आहे. आपल्या हातात नसलेल्या गोष्टी पुष्कळ असतात. आपल्या हातात जे आहे ते नीट करणे एवढे तरी माणसाला करता येते.

मोठ्या अपेक्षा

१९९० साली कोलंबिया २८ वर्षांनी विश्वचषकात खेळली. इटलीतील त्या स्पर्धेत त्यांनी पुढे विजेत्या ठरलेल्या पश्चिम जर्मनीला १-१ असे रोखले आणि बाद फेरी गाठली. तेथे कॅमेरूनविरुद्ध गोलरक्षक हिगिता चेंडू घेऊन आपली जागा सोडून खूप पुढे आला. रॉजर मिलाने तो चेंडू काढून घेतला आणि रिकाम्या गोलात मारला. कोलंबिया हरली. चूक उघड होती, ती अतिआत्मविश्वासातून झाली होती. लोक चिडले, पण हिगिता घरी आला, पुन्हा खेळला आणि लोकांचा लाडकाही राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढच्या चार वर्षांत कोलंबियाचा संघ बहरला. ५ सप्टेंबर १९९३ रोजी त्यांनी अर्जेंटिनाला त्यांच्याच राजधानीत ५-० असे हरवले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे आंद्रेस त्या सामन्यात नव्हता. मैदानावरील अर्जेंटिनाच्या प्रेक्षकांनीही उठून टाळ्या वाजवल्या. साक्षात पेले यांनी कोलंबियाला विश्वचषकाच्या दावेदारांत बसवले. त्याच वर्षाच्या २ डिसेंबरला पाब्लो एस्कोबार पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. आता बरे दिवस येतील असे लोकांना वाटले. प्रत्यक्षात एका मोठ्या गुंडाच्या जागी अनेक लहानमोठे गुंड मोकाट सुटले.

कोकेन आणि खून यांमुळे बदनाम झालेल्या देशाला जगापुढे ताठ मानेने उभे राहण्यासाठी एवढा एकच संघ होता. एका देशाच्या अब्रूचे ओझे अकरा जणांच्या पायांवर टाकणे योग्य होते का? पण ते टाकले गेले.

पस्तिसावे मिनिट

१८ जून १९९४ रोजी पहिल्याच सामन्यात कोलंबिया रुमानियाकडून ३-१ अशी हरली आणि घडी विस्कटली. खेळाडूंना धमक्या येऊ लागल्या. बचावपटू लुईस फर्नांदो एरेरा याचा भाऊ मेडेलिनमध्ये मोटार अपघातात गेल्याची बातमी त्याला परदेशात कळली. त्या रात्री आंद्रेस त्याच्याजवळ बसला आणि त्याला धीर दिला, अशी आठवण एरेराने सांगितली आहे. २२ जूनला यजमान अमेरिकेशी सामना होता. त्याआधी मध्यरक्षक गाब्रिएल हाइमे गोमेस याला खेळवाल तर साऱ्यांना ठार मारू, अशी धमकी हॉटेलात पोहोचली. प्रशिक्षक मातुराना यांनी त्याला वगळले. अशा मनःस्थितीत तो संघ पासाडेना येथील रोझ बोल मैदानावर उतरला. नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक होते.

पस्तिसाव्या मिनिटाला डावीकडून जॉन हार्क्स या अमेरिकन खेळाडूने गोलासमोर चेंडू टाकला. मागून एक अमेरिकन धावत येत होता. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून आंद्रेसने अंग झोकून पाय लांबवला. प्रत्येक बचावपटूने त्या जागी तेच केले असते. गोलरक्षक ऑस्कर कोर्दोबा दुसऱ्या दिशेला सरकला होता. चेंडू आंद्रेसच्या पायाला लागला, वळला आणि संथपणे आपल्याच जाळ्यात गेला. आंद्रेस काही क्षण गवतावर उताणा पडून राहिला. मग उठला आणि पुन्हा खेळू लागला. अमेरिकेने दुसरा गोल केला, कोलंबियाने अगदी शेवटी एक फेडला आणि सामना २-१ असा गेला. २६ जूनला स्वित्झर्लंडला २-० असे हरवूनही कोलंबियाचे आव्हान संपले.

त्या स्वयंगोलाच्या वेळी आंद्रेसच्या बहिणीचे कुटुंब घरी दूरचित्रवाणीसमोर बसले होते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाने तेव्हाच आईला विचारले की आता मामाला मारतील का. तिने त्याला समजावले की चुकीसाठी कोणी कोणाला मारत नाही. त्या शहरात वाढलेल्या मुलाला मात्र मोठ्यांपेक्षा अधिक कळत होते.

घरी परत

आंद्रेसला अमेरिकेतच काही दिवस नातेवाइकांकडे राहता आले असते. तो घरी परतला. बोगोटाच्या एल तिएम्पो या वर्तमानपत्रात त्याने एक लेख लिहिला. त्यात त्याने कोणावर दोष ढकलला नाही, धमक्यांचे रडगाणे गायले नाही. पराभवाने खचून न जाता एकमेकांचा मान राखून पुढे जावे आणि आयुष्य येथेच संपत नाही, असा त्याचा आशय होता. लग्न ठरले होते. वाग्दत्त वधू दंतवैद्य होती. इटलीच्या मिलान क्लबकडून बोलावणे असल्याचेही सांगितले जात होते. मातुराना आणि सहकाऱ्यांनी त्याला काही दिवस घरातच राहण्याचा सल्ला दिला. आपल्याच माणसांसमोर तोंड लपवून बसणे त्याला पटले नाही.

१ जुलैच्या रात्री तो मित्रांबरोबर बाहेर गेला. तेथे काही माणसांनी स्वयंगोलावरून त्याची टिंगल सुरू केली. २ जुलैच्या पहाटे, एका नाइट क्लबच्या वाहनतळावर, त्याच माणसांशी पुन्हा गाठ पडली. ती चूक होती, जाणूनबुजून केलेले काही नव्हते, एवढा तरी मान ठेवा, असे तो त्यांना समजावू लागला. शब्दाने शब्द वाढला. एकाने पिस्तूल काढले आणि सहा गोळ्या झाडल्या. रुग्णालयात नेल्यानंतर थोड्याच वेळात तो मरण पावला. वय २७ वर्षे.

मारेकरी उम्बेर्तो मुन्योस कास्त्रो हा दोन धनिक भावांकडे चालक म्हणून कामाला होता. त्याला लगेच अटक झाली, त्याने गुन्हा कबूल केला आणि १९९५ साली त्याला ४३ वर्षांची शिक्षा झाली. पुढे कायदा बदलला, शिक्षा कमी झाली आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल २००५ साली, अकराएक वर्षांनी, तो सुटला. पैजेत पैसे बुडाले म्हणून कोणी तरी हा खून करवला असे पुष्कळ लोक आजही म्हणतात; न्यायालयात ते सिद्ध झाले नाही.

आंद्रेसच्या अंत्ययात्रेला एक लाखाहून अधिक माणसे जमली. देशाचे अध्यक्ष सेसार गाविरिया आले होते. ज्या दफनभूमीत त्याला ठेवले तिच्या नावाचा अर्थ शांतीची मैदाने असा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस नासिओनालने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण २ क्रमांकाचा तो सज्जन त्यांच्यात नव्हता.

चूक आणि गुन्हा

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला शिकवला होता. एखाद्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते तीन प्रकारचे असू शकते, असे तो म्हणतो. कोणालाही आधी कळले नसते असे घडले तर तो अपघात. नीट लक्ष न दिल्याने, अंदाज चुकल्याने घडले तर ती चूक. आणि जाणूनबुजून, ठरवून केले तर तो अन्याय. संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच सूत्र पुढे नेले. जेथे इच्छा नाही तेथे दोष नाही. आंद्रेसचा स्वयंगोल हा फार तर पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या सीमेवरचा. वाहनतळावर जे घडले ते मात्र तिसऱ्या प्रकारातले.

एक गंमत पाहा. नव्या करारात पापासाठी हामार्तिया हा ग्रीक शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. आंद्रेसच्या पायाचा नेम चुकला, पण मनाचा नेम चुकला नव्हता. मारेकऱ्याच्या पिस्तुलाचा नेम अचूक होता. चुकले होते ते त्याचे मन. आपण बाहेरचा नेम पाहतो, परमेश्वर आतला पाहतो.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मेडेलिनजवळ साबानेता येथे पवित्र मरिया साहाय्यमातेचे मंदिर आहे. त्या वर्षांत पैसे घेऊन खून करणारी अनेक तरुण मुले दर मंगळवारी तेथे मेणबत्ती लावायला जात आणि आपले काम फत्ते व्हावे म्हणून मातेला साकडे घालत. ती सर्व बाप्तिस्मा झालेली कॅथोलिक मुले होती. गळ्यात स्कॅप्युलर आणि हातात पिस्तूल. भक्ती होती, पण शेजाऱ्याच्या जिवाची किंमत त्या भक्तीत शिरली नव्हती. हे फार दूरचे आहे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. आपली मेणबत्ती आणि आपली जीभ यांची कधी गाठ पडते का, हे ज्याने त्याने तपासावे.

त्या रात्री बंदूक एकाच माणसाच्या हातात होती. टिंगल मात्र अनेकांनी केली होती, आणि त्याआधी आठवडाभर ती देशभर चालू होती. गोळीपर्यंत जाणारी वाट शब्दांनीच तयार झाली. ती वाट अजून बुजलेली नाही. २०१८ च्या विश्वचषकात कोलंबियाचा कार्लोस सांचेस याला सामन्याच्या सुरुवातीलाच लाल कार्ड मिळाले, तेव्हा त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध पेनल्टी चुकलेल्या दोन खेळाडूंनाही तेच भोगावे लागले. या वेळी धमक्या मोबाईलवरून आल्या एवढाच फरक. रशियातील त्या स्पर्धेत एकूण १२ स्वयंगोल झाले. विश्वचषकाच्या इतिहासातील हा उच्चांक आहे. म्हणजे स्वयंगोल ही इतकी साधी, इतकी माणसासारखी चूक आहे.

शांतीसाठी फुटबॉल

आंद्रेसचा खून झाला तेव्हा युर्गन ग्रीसबेक नावाचा एक जर्मन तरुण मेडेलिनमध्ये उच्च शिक्षण घेत होता. तो हादरून गेला. ज्या खेळावरून माणूस मारला जातो, त्याच खेळातून माणसे जोडता येतील का, या विचाराने त्याने काही सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली शांतीसाठी फुटबॉल ही चळवळ सुरू केली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या वस्त्यांतील मुलांना त्यांनी एका मैदानावर आणले. नियम वेगळे होते. मुलगे आणि मुली एकाच संघात. पहिला गोल मुलीने केला तरच पुढचे गोल धरायचे. पंच नाही. सामन्याआधी दोन्ही संघांनी बसून कसे वागायचे ते ठरवायचे आणि सामना संपल्यावर पुन्हा बसून आपण तसे वागलो की नाही हे आपणच सांगायचे. गुण त्याचेही. हातात शस्त्र घेतलेल्या मुलांना बोलून प्रश्न सोडवण्याची सवय लागावी, हा हेतू. पुढे ही पद्धत अनेक देशांत पोहोचली. मेडेलिनही बदलले. खुनांचे प्रमाण तेव्हाच्या मानाने पुष्कळ खाली आले आहे. २००२ साली त्या शहरात आंद्रेसचा पुतळा उभा राहिला. भाऊ सांतियागो प्रशिक्षक झाला आणि २००५ व २०११ साली त्याच नासिओनाल क्लबला त्याने विजेतेपद मिळवून दिले. ज्या मैदानाने भाऊ नेला, त्या मैदानाकडे पाठ फिरवून तो बसला नाही.

आपल्याकडेही मुले खेळतात. सामना हरल्यावर एखाद्या मुलाच्या नावाने कसा शंख होतो, पालकही त्यात कसे सामील होतात, हे मी पाहिले आहे. एखादे मूल नंतर आठवडाभर मैदानाकडे फिरकत नाही. परीक्षेत नापास झालेला, धंद्यात बुडालेला, लग्न मोडलेले अशी माणसेही आपल्यात आहेत. त्यांचेही पस्तिसावे मिनिट होऊन गेलेले असते. ती रविवारी मिस्सेला मागच्या बाकावर बसतात आणि शेवटच्या गीताआधी निघून जातात, कारण बाहेर पडल्यावर कोणी काही बोलेल याची त्यांना धास्ती असते. हिगिताला त्याच्या लोकांनी परत घेतले. आंद्रेस परत आला होता, पण त्याला घेणारे हात वेळेवर पुढे झाले नाहीत. एक लाख लोक आले ते शवपेटीमागून. आपण इतका उशीर करू नये. आज मिस्सा संपल्यावर मागच्या बाकावरचे कोणी घाईने निघताना दिसले, तर दोन पावले पुढे जाऊन त्यांना हाक मारा. चौकशी तब्येतीची करा, झाल्या गेल्याची नको.

आपला,
धर्मगुरू